मुलीचं कॅनडातलं मोबाईल कॉन्ट्रॅक्ट: रिन्यू करावं की तोडावं? कॅन्सलेशनचे ६१८ डॉलर सांगतायत

मांजलपूरकर
नमस्कार मंडळी, इथे बडोद्यातल्या बऱ्याच जणांची मुलं तिकडे आहेत म्हणून इथेच विचारतो. मुलगी किचनरला असते, ओंटारियोत. इथून एमएसयूतून बीई करून गेली, तिकडे मास्टर्स, आता नोकरी. तिने मॉलमधल्या दुकानातून फोन घेतलाय दोन वर्षांच्या कॉन्ट्रॅक्टवर, या ऑक्टोबरअखेर त्यातले अठरा महिने पुरे होतील. आता त्याच दुकानातला माणूस तिच्या मागे लागलाय की आत्ताच रिन्यू करा, नवीन फोन देतो, जुन्याचं आम्ही बघून घेतो, खिशातून काही जाणार नाही. आणि इकडे तिचं असं चाललंय की फेब्रुवारीअखेर कदाचित कायमचं परत यायचं, कदाचित नाही, सगळं तिच्या ऑफिसवर अवलंबून. म्हणून तिने कंपनीच्या चॅटवर विचारलं की मधेच तोडलं तर किती पडेल, तर म्हणे ६१८ डॉलर. मी लगेच रुपये करायला बसलो तर हिने कॅल्क्युलेटरच काढून घेतला, म्हणाली आधी जेवून घ्या. ही फी खरंच एवढी असते का? आणि रिन्यू केलं तर ती माफ होते का, का नुसती पुढे ढकलली जाते?

रावपुरा_रिटायर्ड
कसलं कॉन्ट्रॅक्ट नि कसलं काय, आपल्याकडे बरं आहे, रिचार्ज संपला की विषय संपला. मी तर वर्षाचं एकदाच मारतो नि मोकळा. पोरीला म्हणावं बिल भरूच नको, विमानात बस नि ये घरी. ते काय मांजलपूरला येणारेत का वसुलीला?

कारेलीबागची_ताई
काका असं नका हो सांगू कुणाला 🙏 न भरलेलं बिल तिकडे कलेक्शन एजन्सीकडे जातं आणि क्रेडिट रिपोर्टवर बसतं. ती उद्या परत गेली, घर भाड्याने घ्यायला लागली की घरमालक पहिला तो रिपोर्ट मागतो. शे-दोनशे डॉलरसाठी नाव खराब करून यायचं नाही. मांजलपूरकर, तिला तिचा करार काढायला सांगा, त्यात सुरुवातीलाच दोन पानांचा सारांश असतो, सगळं त्यात आहे.

ओंटारियोत_बडोदेकर
ताईंनी सांगितलं ते बरोबर. मी इथे बरीच वर्षं आहे, माझं मूळ दांडिया बाजारचं. जरा लांबण लागेल पण एकदा नीटच लिहितो, कारण हा प्रश्न दर दिवाळीच्या सुमारास कुणी ना कुणी विचारतंच.

कॅनडात टेलिकॉमवर सीआरटीसी नावाची संस्था आहे, आपल्या ट्रायसारखी. त्यांचा वायरलेस कोड म्हणून नियम आहे, डिसेंबर २०१३ पासून. त्याच्या आधी इथे तीन-तीन वर्षांची कॉन्ट्रॅक्टं असायची आणि तोडायचं म्हटलं की माणूस रडकुंडीला यायचा. कोड आल्यावर काय झालं, की कंपनी कॅन्सलेशनची फी मनाला येईल तेवढी लावू शकत नाही. तुम्हाला फोन सवलतीत दिला असेल तर फी जास्तीत जास्त त्या सवलतीएवढी, आणि ती दर महिन्याला सारख्या भागाने उतरत जायला हवी, म्हणजे २४ महिने संपले की शून्य. पुढे कंपन्यांनी सवलत हा शब्द टाकून हप्ते आणले, तरी हिशोब तोच लागतो. फोन घेतलाच नसेल, नुसता प्लॅन मुदतीवर घेतला असेल, तर फी ५० डॉलर किंवा राहिलेल्या महिन्यांच्या भाड्याच्या १० टक्के, यातलं जे कमी असेल ते. आणि मुदतच नाही, महिन्याला-महिना चालू आहे, तर फी काहीच नाही.

म्हणजे ही फी हा दंड नसतो, फोनचे राहिलेले पैसे असतात. ६१८ हा आकडा नुसता ऐकून काही कळणार नाही, तो कशाकशाचा बनलाय ते फोडा. सारांशात तीन आकडे शोधा: फोनची पूर्ण किंमत, महिन्याचा फोनचा हप्ता, आणि शेवटी फोन परत करायची काही अट आहे का ते.

बिलचिकित्सक
आणि दुकानदाराच्या तोंडच्या 'बघून घेतो' ला काडीची किंमत देऊ नका. कोण बघून घेणार, कधी, कुठल्या बिलात, ते लिहून मागा. लिहून देत नसेल तर समजून जा.

दांडियाबाजार_बंधू
मी पण इथे बसतो वाचायला, भाची हॅलिफॅक्सला आहे. बाय द वे काका, वर्षाचं रिचार्ज एकदम मारता म्हणजे तुम्ही पण स्वतःला वर्षभर बांधूनच घेता ने, फक्त पैसे आधी देता 😄

रावपुरा_रिटायर्ड
ते वेगळं.

मांजलपूरकर
तिने रात्री सारांश पाठवला, व्हॉट्सॅपवर फोटो. वाचून सांगतो: फोनची किंमत १,३२० डॉलर. त्यातले ३८४ 'नंतर' म्हणून बाजूला काढलेत, म्हणजे २४ महिन्यांनी फोन परत दिला तर ते द्यायचे नाहीत, ठेवला तर द्यायचे. राहिले ९३६, त्याचा महिन्याला ३९ हप्ता. प्लॅन वेगळा, ६५ डॉलर. टॅक्स वरून. हे बरोबर वाचतोय ना मी?

ओंटारियोत_बडोदेकर
एकदम बराबर वाचलंत. आता बघा, ३९ गुणिले २४ म्हणजे ९३६, जुळलं. अठरा महिने झाले, सहा राहिले, ६ × ३९ = २३४. त्यात ते ३८४ मिळवा. किती झाले? ६१८! चॅटवाल्याने दोन्ही एकत्र करून एकच आकडा फेकला. खरी कॅन्सलेशन फी २३४, आणि ती सुद्धा तुम्ही बसून राहिलात तरी सहा महिन्यांत भरणारच आहात, हप्त्याहप्त्याने. ३८४ ही फी नाहीच, फोन ठेवायचा असेल तर त्याची किंमत आहे ती.

हां, एक गोष्ट कंपनीला लेखी विचारायला लावा. मुदतीआधी तोडलं तर फोन परत घेऊन ३८४ सोडतात का, की परत द्यायची सोय फक्त २४ महिने पुरे केल्यावरच आहे? याचं कलम प्रत्येकाचं वेगळं असतं, तिच्या करारात काय लिहिलंय तेच खरं.

कारेलीबागची_ताई
आणि फोन कुठल्या स्थितीत परत घेतात ते पण बघा! चालू पाहिजे, काच फुटलेली नको, आपलं अकाउंट त्यातून काढलेलं पाहिजे, नाहीतर परत केलेला धरत नाहीत किंवा वर डॅमेजचे लावतात. आमच्या धाकट्याच्या फोनच्या मागच्या काचेला कोपऱ्यात एक कोळ्याच्या जाळ्याएवढी चीर होती, समोरून बघितलं तर दिसायची पण नाही, कव्हर काढलं की दिसायची. काउंटरवरच्या मुलीने कव्हर काढलं.

मांजलपूरकर
अरे देवा. मुलीच्या फोनची मागची काच गेलेलीच आहे. गेल्या हिवाळ्यात बसस्टॉपवर बर्फात पडला होता. चालतो छान, पण काच पार गेलीय.

बिलचिकित्सक
मग हिशोब बदलला. दोन रस्ते मांडतो, टॅक्स सोडून.

बसून राहायचं: सहा महिने (३९ + ६५) म्हणजे ६२४. त्यानंतर फोन परत दिला तर शून्य, पण काच दुरुस्त करून. ठेवला तर ३८४, एकूण १,००८.

आत्ता तोडायचं: २३४ एकदम. नंतर स्वस्तातला प्रीपेड घेतला, समजा ३५ चा, तर सहा महिन्यांचे २१०, म्हणजे ४४४. फोन ठेवायचा म्हणून ३८४, एकूण ८२८.

फरक १८० चा, आणि तो सगळा प्लॅनमधला आहे, ६५ विरुद्ध ३५. फोनचे पैसे दोन्हीकडे सारखेच. लोक फीकडे बघून घाबरतात आणि दर महिन्याला प्लॅनमध्ये ३० डॉलर जास्त जातायत तिकडे बघतच नाहीत.

दांडियाबाजार_बंधू
वा! हे कुणी असं फोडून सांगतच नाही. पण मग रिन्यूचं काय, नवीन फोन?

ओंटारियोत_बडोदेकर
रिन्यू म्हणजे नवीन फोन घेतला तर घड्याळ पुन्हा शून्यापासून. नवे २४ महिने, नवा हप्ता, नवी फी, आणि ती पहिल्या महिन्यात सगळ्यात जास्त असते कारण काहीच फेडलेलं नसतं. जुन्या फोनचे २३४ एक तर पुढच्या बिलात एकरकमी येतात, नाहीतर जुना फोन घेऊन वळते करतात, आणि इथे तर काच फुटलेली, म्हणजे जुना फोन घेताना भाव पाडणारच. कोडमध्ये असं आहे की अपग्रेड देताना आधीच्या करारातलं काय बदलतं, मुदत वाढते का, हे कंपनीने स्पष्ट सांगायला पाहिजे. पण मॉलमधल्या पोराचं कमिशन तुमच्या सहीवर असतं, तो सांगतो पण आधी फोन हातात देतो, मग सांगतो. फेब्रुवारीत परत यायचा जरा जरी विचार असेल तर आत्ता नवीन मुदतीत पाय टाकायचा नाही, एवढं तरी पक्कं.

बाकी नुसतं मुदत संपू देणं हे पण रिन्यूच समजतात लोक, तसं नाहीये. मुदत संपायच्या निदान ९० दिवस आधी कंपनीने कळवायचं असतं की पुढे आपोआप चालू राहणार आहे का ते, आणि चालू ठेवलं तरी ते त्याच दराने महिन्याला-महिना असतं, नवं कॉन्ट्रॅक्ट होत नाही. त्या स्थितीत कधीही सोडा, फी नाही. फक्त तेव्हा बिल बघा, फोनचा हप्ता निघाला पाहिजे, आणि हप्त्याबरोबर प्लॅनवर काही डिस्काउंट मिळत असेल तर तो पण गेला का ते.

निझामपुरा_नेट
एक शंका. कॅन्सल करायला महिनाभर आधी नोटीस द्यावी लागते ना? माझ्या मित्राकडून तिकडे एक महिना जास्त घेतला होता इंटरनेटचा.

ओंटारियोत_बडोदेकर
ती ३० दिवसांची नोटीस सीआरटीसीने बंद केली, २३ जानेवारी २०१५ पासून, मोबाईल, इंटरनेट, टीव्ही सगळ्याला. ज्या दिवशी कळवलं त्या दिवशी बंद, आणि आगाऊ घेतलेलं भाडं दिवसाच्या हिशोबाने परत.

पण थांबा, कॅन्सल करायच्या आधी एक! नंबर ठेवायचा असेल तर कॅन्सल करायचंच नाही, आधी नवीन कंपनीकडे जाऊन नंबर पोर्ट करायला सांगायचं. जुन्या कंपनीचा मेसेज येतो की हे तुम्हीच मागितलं का, त्याला हो म्हणून उत्तर दिलं की पोर्ट होतो आणि जुनी लाईन आपोआप बंद होते. आधी कॅन्सल केलं तर नंबर हातचा जातो. तिच्या इथल्या बँकेचे, टॅक्सच्या अकाउंटचे सगळे कोड त्या नंबरवर येत असणार. परत आली तरी एक-दोन वर्षं तो नंबर कुठल्यातरी स्वस्त प्रीपेडवर जिवंत ठेवलेला बरा, टॅक्स रिटर्न, बँकेचं उरलंसुरलं हे सगळं मागून येत राहतं.

कारेलीबागची_ताई
आणि उलट पण! तिचा बडोद्याचा नंबर चालू आहे का अजून? आमच्याकडे तोच घोळ झाला होता, इथल्या बँकेचा ओटीपी बंद पडलेल्या नंबरवर जायचा. नव्वद दिवस काहीच वापर नसेल तर इथला प्रीपेड नंबर बंद होऊ शकतो, मग तो दुसऱ्या कुणाला पण मिळतो.

मांजलपूरकर
चालू आहे, मीच रिचार्ज करतो. पण डेटासकटचा मारावा लागतो आणि डेटा ती वापरतच नाही तिकडून.

निझामपुरा_नेट
काका डेटाशिवायचे पॅक बघा. ट्रायने डिसेंबर २०२४ मध्ये सांगितलं की नुसत्या व्हॉइस आणि एसएमएसचे पॅक ठेवायलाच पाहिजेत, आणि तेव्हाच व्हाऊचरची मुदत ९० वरून ३६५ दिवसांपर्यंत वाढवली. ॲपमध्ये वरती दिसत नाहीत, खाली कुठेतरी कोपऱ्यात असतात, शोधायला लागतात.

लीड्सकर
मी यूकेत. कॅनडाचा विषय चाललाय पण इकडचं पण टाकून ठेवतो, कुणाला तरी लागेल. इकडे सगळ्यात सोपं. आपल्या फोनवरून INFO ही इंग्रजी चार अक्षरं टाइप करून ८५०७५ ला मेसेज करा, मिनिटभरात उत्तर येतं, त्यात आत्ता सोडलं तर किती फी ते लिहिलेलं असतं. चॅटवाल्याशी डोकं लावायची गरज नाही. नंबर घेऊन जायचा असेल तर PAC असा मेसेज ६५०७५ ला, कोड येतो, तो ३० दिवस चालतो, नवीन कंपनीला द्यायचा. नंबर नकोच असेल तर STAC ७५०७५ ला. १ जुलै २०१९ पासून आहे हे. आणि मुदत संपत आली की कंपनीने स्वतःहून कळवायचं, फेब्रुवारी २०२० पासूनचा नियम.

इकडची कटकट वेगळी आहे, मधेच भाव वाढवतात. पूर्वी महागाईच्या टक्क्यांवर बांधलेली वाढ असायची, कुणाला आधी कळायचंच नाही किती. १७ जानेवारी २०२५ पासूनच्या नव्या करारात वाढ असेल तर ती किती पौंड किती पेन्स आणि कधीपासून हे आधीच लिहायला लागतं. करारात नसलेली वाढ केली तर फी न भरता सोडता येतं.

दांडियाबाजार_बंधू
च्यायला, मेसेज केला की फी सांगतात! आपल्याकडे १९०० ला पोर्टचा मेसेज करतो तेव्हा असं काही का येत नाही?

बिलचिकित्सक
कारण आपल्याकडे बहुतेक लोक प्रीपेडवाले, तोडायला काही नसतंच. पण 'भारतात कॉन्ट्रॅक्ट नसतं' हे पूर्ण खरं नाही हं, काकांनी वर म्हटलं म्हणून लिहितो. १९०० ला मेसेज केल्यावर पोर्टचा कोड नाकारायची जी कारणं नियमात आहेत त्यात एक हेही आहे, की ग्राहकाचं कंपनीशी कंत्राट आहे आणि त्यातली बाहेर पडायची अट त्याने पुरी केली नाहीये. बाकीची कारणं सगळ्यांना माहीत आहेत, बिल थकलेलं, नंबर घेऊन ९० दिवस न झालेले. नंबर ऑफिसच्या नावावर असेल तर कंपनीचं पत्र लागतं, नोकरी सोडताना पुष्कळांचा नंबर इथेच अडकतो, राजीनाम्याच्या आधी नंबर आपल्या नावावर करून घ्या.

आणि आपल्याकडचं खरं कॉन्ट्रॅक्ट मोबाईल कंपनीशी नसतंच, ते बँकेशी असतं. नो-कॉस्ट ईएमआय! अलकापुरीतल्या कुठल्याही शोरूममध्ये जा, बिनव्याजी म्हणून सांगतील. रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना सांगितलं होतं की शून्य टक्के व्याज असं काही नसतं. व्याज फोनच्या किमतीतल्या डिस्काउंटमधून वळतं केलेलं असतं, त्या व्याजावर जीएसटी तुम्हीच भरता, वरून प्रोसेसिंग फी. मधेच फेडून मोकळं व्हायचं म्हटलं तर प्रीक्लोजरचे चार्जेस, आणि पुष्कळदा तो डिस्काउंट पण परत जातो. ही आपली अर्ली कॅन्सलेशन फी. घरच्या वायफायचं पण बघा, इन्स्टॉलेशन फ्री आणि राउटर फ्री म्हणतात सहा महिन्यांचा प्लॅन घेतला तर, मधे सोडलं की राउटर परत, नाहीतर त्याचे पैसे.

रावपुरा_रिटायर्ड
माझ्याकडे राउटर अजून पडून आहे माळ्यावर, कुणी न्यायलाच आलं नाही. डिपॉझिट कापलं होतं मात्र.

बिलचिकित्सक
काका पावती आहे का? असेल तर कंपनीच्या तक्रार केंद्राचा डॉकेट नंबर घ्या, नाही झालं तर कंपनीतच अपील ऑथॉरिटी असते तिकडे, तिथेही नाही तर १९१५ ला ग्राहक हेल्पलाईन. ग्राहक मंचात पण जाता येतं. आधी कंपन्या म्हणायच्या टेलिकॉमच्या तक्रारी तिथे चालत नाहीत, सुप्रीम कोर्टाने फेब्रुवारी २०२२ मध्ये सांगितलं की चालतात. आणि दंड कितीही लिहिलेला असला तरी करार कायद्याचं, १८७२ चं, ७४ वं कलम आहे, त्यात वाजवी भरपाईच मिळते, लिहिलेला आकडा ही वरची मर्यादा.

रावपुरा_रिटायर्ड
पावती शोधतो. हिला माहीत असेल, तिने कुठेतरी डब्यात घातली असणार.

मांजलपूरकर
अपडेट. मुलीने फोन केला कंपनीला. आधी फोनवरचा माणूसही ६१८ च म्हणाला, मग तिने सरळ सांगितलं की मला कॅन्सल करायचंय, त्याबरोबर दुसऱ्या विभागात जोडून दिलं, लॉयल्टी की काय म्हणतात. तिथली बाई एकदम गोड. आधी नवीन फोनची ऑफर, ही नाही म्हणाली. मग टॅबलेट फुकट, तेही नाही. मग म्हणाली प्लॅन ६५ चा ४५ करते, मुदत वाढणार नाही, फोनचा हप्ता आहे तसाच. मुलीने विचारलं ईमेलवर पाठवाल का, तर पाठवलं. फोन मुदतीआधी परत घेत नाहीत हेही त्यात लिहून आलंय. घ्यावं का?

ओंटारियोत_बडोदेकर
शाब्बास पोरगी! 'कॅन्सल' म्हटल्याशिवाय तो विभाग उघडतच नाही. घ्या, पण ईमेलमध्ये दोन ओळी आहेत का बघा, 'मुदतीत बदल नाही' ही, आणि ४५ चा दर किती महिने, हे. आणि नवीन सारांश आला तर त्यात शेवटची तारीख जुनीच असली पाहिजे, पुढे गेली असेल तर ते रिन्यू झालं. टॅबलेट नाकारला ते फार बरं केलं, तो फुकट नसतो, त्याची वेगळी लाईन आणि वेगळा प्लॅन असतो.

बिलचिकित्सक
आता हिशोब: महिन्याला २० वाचले, फेब्रुवारीअखेर चार महिने, म्हणजे ८०. आणि तोपर्यंत बावीस हप्ते झालेले असतील, राहतील दोन, म्हणजे तेव्हा सोडलं तर फी ७८. ६१८ ऐकून सुरुवात केली होती!

कारेलीबागची_ताई
आणि ३८४?

बिलचिकित्सक
ते फोनचे. मधेच परत घेत नाहीत म्हणजे फेब्रुवारीत आली तर द्यायचेच. चालू फोन ३८४ ला तसा महाग नाही, काच इथे आल्यावर बदलू शकता. राहिली तर एप्रिलअखेर काच बदलून परत द्यायचा का, तिकडे काचेला किती घेतात ते आधी विचारायचं आणि ३८४ शी ताडून बघायचं.

निझामपुरा_नेट
फोन इकडे चालेल ना पण? लॉक वगैरे?

ओंटारियोत_बडोदेकर
१ डिसेंबर २०१७ पासून इथे फोन अनलॉक्डच विकायला लागतात, त्यामुळे लॉकचा प्रश्न नाही. सिमचा ट्रे आहे का तेवढं बघा, काही मॉडेल फक्त ई-सिमची असतात, मग भारतातल्या कंपनीकडून ई-सिम करून घ्यायचं. आणि सोडताना शेवटचं बिल येईपर्यंत इथलं बँक खातं बंद करू नका, दिवसाच्या हिशोबाने परत येणारे पैसे त्यातच येतात.

बिलात वेडंवाकडं आलं तर सीसीटीएस म्हणून टेलिकॉमच्या तक्रारींची संस्था आहे, तक्रार फुकट, ऑनलाइन, बडोद्यात बसून पण करता येते. आणि अजून एक, सीआरटीसीने नोव्हेंबर २०२४ मध्ये या कॅन्सल आणि बदलाच्या फींवर पुन्हा विचार सुरू केला होता, त्यामुळे तुम्ही सोडाल त्या दिवशी त्यांच्या साइटवर एकदा नजर टाका.

मांजलपूरकर
४५ चं घेतलं तिने. मॉलवाल्याला नाही कळवलंय. ही म्हणतेय काच इथे आल्यावर मंगळ बाजारात बदलून घेऊ, मी म्हटलं बघू, आधी येऊ दे तिला. सगळ्यांचे आभार, रविवारी सूरसागरला कुणी येत असाल तर शेव-उसळ माझ्याकडून.

दांडियाबाजार_बंधू
येतो. पण माझी भाची राहिलीच, तिने गेल्या आठवड्यातच नवा फोन घेतलाय दोन वर्षांवर आणि आता म्हणते महाग पडला. तिला काही सुटका आहे का?

ओंटारियोत_बडोदेकर
आहे, पण घाई करायला सांगा. निदान १५ दिवसांची ट्रायल असते, सेवा चालू झाल्यापासून मोजायची. त्यात सोडलं तर फी नाही, पण फोन जवळजवळ नव्यासारखा, खोक्यासकट, आणि ट्रायलमधला वापर मर्यादेत हवा, ती मर्यादा महिन्याच्या कोट्याच्या निम्मी तरी असते. ती मर्यादा ओलांडली तर ट्रायल गेली. रील्स बंद करायला सांगा आणि उद्याच दुकानात पाठवा, बिल आणि चार्जिंगची केबल घेऊन.

दांडियाबाजार_बंधू
खोकं तिने टाकून दिलंय म्हणते, रिसायकलच्या डब्यात. डबा गुरुवारी उचलतात. लगेच फोन लावतो.